विस्तार प्रोजेक्टचं प्रपोजल लिहून झालं, पण कॉलेजातून सही निघेना. फाईल आधी कुणाकडे न्यायची?

ज्वारीवाली_मॅडम (५ जानेवारी, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका अनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, विषय गृहविज्ञान. नोकरीला सात वर्षं झाली, पेपर वगैरे केलेत पण बाहेरून पैसे आणायचा हा पहिलाच प्रयत्न, त्यामुळे प्रश्न बालिश वाटला तर सांभाळून घ्या.

दिल्लीच्या एका सरकारी एजन्सीनं विस्तार कार्यासाठी (म्हणजे कॉलेजातलं ज्ञान गावापर्यंत नेण्यासाठी) प्रस्ताव मागवलेत, दोन वर्षांचा प्रोजेक्ट, शेवटची तारीख २० जानेवारी. माझा विषय कडक भाकरी. मंगळवेढा तालुक्यातली तीन गावं, बचत गटाच्या बायका. भाकरी कशी करायची हे मी त्यांना शिकवायला जाणार नाहीये, ते त्याच मला शिकवतील, अडचण पुढची आहे. माल पुण्याला पाठवला की अर्धा चुरा होऊन पोचतो, पावसाळ्यात ओल धरते, आणि पाकिटावर ना तारीख ना वजन, मग दुकानदार घेत नाही किंवा पडेल भावात घेतो. तर वाळवणी (त्यासाठी ड्रायर), पॅकिंग, लेबल आणि किंमत काढायला शिकणं असा सगळा प्रोजेक्ट आहे. बजेट ९ लाख ४० हजार. २०२३ च्या मिलेट वर्षात भाषणं खूप झाली, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, पण गटाच्या हातात त्यातलं काय आलं हा माझा मूळ मुद्दा.

लिखाण ३८ पानं झालंय. आता गंमत ऐका. विभागप्रमुख म्हणाले छान आहे करा. प्राचार्य म्हणाले संस्थेला विचारावं लागेल आणि सीडीसीची (कॉलेज विकास समितीची) मीटिंग आता फेब्रुवारीत. संशोधन समितीचे सर म्हणाले तीन प्रती द्या, समितीपुढं प्रेझेंटेशन करा. अकाऊंट्सवाल्यांनी पहिलं पान पण न उघडता शेवटचं पान उघडलं आणि विचारलं "ओव्हरहेड कुठंय?" (म्हणजे कॉलेजच्या वरखर्चाची रक्कम) आणि एजन्सीच्या पोर्टलला संस्थाप्रमुखांचं लेटरहेडवरचं संमतीपत्र लागतंच, त्याशिवाय पुढचं बटणच चालू होत नाही. वर मध्येच गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. अक्षता, होम, दारूकाम होईपर्यंत ऑफिसात कोण सापडणार सांगा.

म्हणजे हातात धड दहा दिवस पण नाहीत. आधी कुणाकडे जायचं? सगळ्यांना एकदमच प्रती दिल्या तर चालतं का? आणि गावचं पत्र लागतं म्हणतात, ते सरपंचाचं चालेल का ग्रामसभेचा ठरावच लागतो?

सातरस्ता_चहा (५ जानेवारी, रात्री ११:५२)

मॅडम एवढं टेन्शन घेऊ नका हो. आमच्याकडं सगळे असंच करतात, मागच्या कुठल्यातरी प्रोजेक्टचं संमतीपत्र असतंय ना, त्याची तारीख बदलायची आणि द्यायचं टाकून. मंजूर झालं की सगळे आपोआप सह्या करतात आणि फोटोत पुढं येऊन उभारतात. नामंजूर झालं तर कुणाला कळतंय.

हिशेबनीस_२१वर्षं (६ जानेवारी, सकाळी ७:१०)

वरच्या भावाचं कृपा करून ऐकू नका. मी तोच माणूस आहे जो शेवटचं पान आधी उघडतो. २१ वर्षं एका कॉलेजच्या लेखा विभागात काढली, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे.

आमच्याकडच्या एका सरांनी हेच केलं होतं, जुन्या पत्राची पीडीएफ जोडली. त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं की संस्था दीड लाख रुपये स्वतःचे घालेल, एक खोली देईल आणि प्रोजेक्ट संपल्यावर केंद्र कायम चालवेल. प्रोजेक्ट मंजूर झाला. मंजुरीचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की आपण दीड लाख कबूल केलेत. पुढं काय झालं ते सांगत बसत नाही, पैसे परत गेले आणि सरांना लेखी खुलासा द्यावा लागला एवढं पुरे.

मुळात एक समजून घ्या मॅडम, कल्पना तुमची असली तरी एजन्सीच्या लेखी अर्जदार तुम्ही नाही, कॉलेज आहे. पैसा कॉलेजच्या खात्यात येतो, युटिलायझेशन सर्टिफिकेटवर (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला), म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला, जीएफआर २०१७ चा तो १२-ए नमुना, त्यावर प्राचार्य आणि सीए सही करतात, आणि तुम्ही उद्या दुसरीकडं गेलात तरी दिल्लीचं पत्र इथंच येणार. म्हणून प्राचार्य "विचारावं लागेल" म्हणतात तेव्हा ते दरवेळी टाळत असतात असं नाही, ३८ पानांत आपण कशाला हो म्हणतोय हे त्यांना सापडत नसतं.

तर ती ३८ पानं आत्ता कुणालाच देऊ नका. एका पानाची टिपणी करा. एजन्सी कोण, रक्कम किती, किती वर्षं, कॉलेजनं काय द्यायचं आहे (पैसे, जागा, माणूस, वीज, जे असेल ते स्पष्ट, काही नसेल तर "काही नाही" असं लिहा), आणि सही कुठल्या तारखेपर्यंत पाहिजे. खाली विभागप्रमुखांची शिफारस. ती घेऊन प्राचार्यांकडं, आणि त्याच दिवशी बजेटचा तक्ता लेखा विभागाकडं. आधी हे मग ते अशी रांग लावू नका, दोन्ही एकदम. लेखा विभागाला लिखाण नको असतं, तक्ता आणि एजन्सीची गाइडलाइन प्रिंट काढून द्या, आम्हाला पोर्टलची लिंक पाठवली की आम्ही ती उघडत नाही हे खरंय.

सीडीसीचं म्हणाल तर विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे ती समिती आहेच आणि तिच्यापुढं विषय जायलाच पाहिजे, पण तारीख मीटिंगच्या आधी असली तर अध्यक्षांची लेखी मान्यता घेऊन प्राचार्य सही करू शकतात आणि फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये कार्योत्तर मंजुरीचा विषय ठेवतात. लेखी म्हणजे लेखी. फोनवर "करा हो" म्हणाले ते फेब्रुवारीत आठवत नाही. आणि हे म्हणजे वरच्या भावाचं "आधी टाकून द्या" नव्हे. इथं सही आधीच झालेली असते, फक्त ठराव मागून येतो.

आता बजेट. तुमचा तक्ता मी बघितला नाही पण पैज लावतो की यंत्रांच्या ओळीसमोर "बचत गटांना देण्यात येतील" असं लिहिलंय. सरकारी अनुदानातून घेतलेली यंत्रं कॉलेजच्या स्टॉक रजिस्टरला चढतात आणि ती एजन्सीच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता, विकता येत नाहीत. दोन वर्षांनी ऑडिटर विचारतो सीलिंग मशीन दाखवा, आणि मशीन असतं मंगळवेढ्याला. म्हणून प्रपोजलमध्येच लिहा की यंत्रं प्रोजेक्टच्या काळात गावात ठेवली जातील, ताबा पावती अमुक गटाची असेल, आणि प्रोजेक्ट संपल्यावर गटाकडं वर्ग करायला परवानगी मागण्यात येत आहे. मंजुरीच्या पत्रातच ते आलं तर तुमचं आणि आमचं दोघांचं आयुष्य सुखाचं.

ओव्हरहेड म्हणजे कॉलेजची कमाई असं सगळ्यांना वाटतं. त्यातून लाईट, नेट, ऑडिटची फी आणि तुमची बिलं लावणारा माझ्यासारखा कारकून निघतो. गाइडलाइनमध्ये जेवढं बसतंय तेवढं पूर्ण धरा. एजन्सी देतच नसेल तर शून्य लिहा, पण ते टिपणीत पण लिहा म्हणजे नंतर कुणी म्हणणार नाही मला माहीत नव्हतं.

अजून एक, अनुदानावर बँकेत जे व्याज पडतं ते आपलं नसतं, परत भरायचं असतं. हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

ज्वारीवाली_मॅडम (६ जानेवारी, सकाळी ९:०५)

सर, पैज जिंकलात. शब्दशः तेच वाक्य आहे 😄 आणि अजून एक कबुली, मी स्वतःला मानधन धरलंय महिना ५ हजार. मैत्रिणीनं तिच्या प्रोजेक्टमध्ये घेतलं होतं म्हणून.

हिशेबनीस_२१वर्षं (६ जानेवारी, सकाळी ९:३०)

गाइडलाइनमध्ये तसं स्पष्ट असेल तरच ठेवा. नसेल तर आजच काढा, तपासणारा माणूस पगारी प्राध्यापकाचं मानधन बघून बाकीच्या आकड्यांकडं पण संशयानं बघायला लागतो. ते पैसे प्रवासाला टाका. सोलापूर ते मंगळवेढा किती फेऱ्या होणार ते मोजलंय का? बहुतेक लोक प्रवासाला ठोक ५० हजार लिहितात आणि सहाव्या महिन्यात खिशातून घालत बसतात. फेऱ्या गुणिले भाडं असं मांडा.

गटाची_ताई (६ जानेवारी, दुपारी २:४०)

मॅडम मी त्याच भागातली, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांचं काम बघते. राग मानू नका पण कुणी गावात येऊन विचारलंय का अजून? तुमची तीन गावं कुठली ते नका सांगू इथं पण माझ्यावर एवढ्यांदा आलंय की विचारायलाच पाहिजे. कॉलेजची माणसं येतात, आधारची झेरॉक्स घेतात, बायकांना ओळीत बसवून फोटो काढतात, जातात, आणि आमच्याकडं परत बायका विचारतात ताई त्या कर्जाचं काय झालं, कर्ज नव्हतंच ते.

प्रशिक्षण कधी ठेवलंय? फेब्रुवारी मार्च लिहिलं असेल तर आत्ताच बदला. ज्वारीची काढणी असतीय तेव्हा, एक पण बाई यायची नाही, आणि आली तर त्या दिवसाची मजुरी बुडवून येणार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर ठेवा, सकाळी लवकर, दुपारी पत्र्याखाली ४२ डिग्रीत चुलीपुढं आणि ड्रायरपुढं कोण बसतंय.

आणि ड्रायर. तीन फेजचा आहे का सिंगल? आमच्या एका गावात असंच एक मशीन तीन वर्षं पोत्यात गुंडाळून आहे कारण गटाच्या खोलीत सिंगल फेज आणि नवीन जोडणीचे पैसे कुणाच्याच बजेटमध्ये नव्हते. बिल कोण भरणार ते पण लिहा.

पत्राचं म्हणाल तर ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, तुमची तारीख २०, म्हणजे तो ठराव मिळत नाही. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव घ्या, ग्रामसेवकाला, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, त्यांना आधी फोन करून सभा कधी आहे विचारा. पण खरं सांगू का, सरपंचाच्या पत्रापेक्षा ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचा ठराव घ्या. त्यात बायका बसून ठरवतात आणि किती जणी खरंच येणार ते कळतं. तुम्ही ९० लाभार्थी लिहिले असतील, सगळे ९०च लिहितात, आमच्याकडं कडक भाकरी विकायला करणाऱ्या गावात १०-१२ जणी असतात. तेवढ्याच लिहा ना. १२ जणींचं नीट झालं तर बाकीच्या आपणहून येतात.

मूळ_बाळीवेसकर (७ जानेवारी, पहाटे ४:१५)

वेळ बघून घाबरू नका, इथं दुपार चाललीय. मी अमेरिकेत एका राज्य विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे विस्तार कार्यात आहे. इथं एक्स्टेन्शन म्हणजे कॉलेजचा साईड उपक्रम नसून पूर्ण वेगळं खातंच असतं, १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासून केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून पैसे घालतात, गावोगावी एजंट बसलेला असतो. म्हणजे पैसा जास्त. पण फाईलचं रडगाणं तेच आहे, म्हणून लिहायला बसलो.

इथं प्राध्यापकाला बहुतेक केंद्रीय प्रपोजल स्वतः सबमिट करताच येत नाही. विद्यापीठाचा अधिकृत प्रतिनिधी असतो, तोच बटण दाबतो, कारण वर हिशेबनीस म्हणाले तेच, अर्जदार संस्था. आणि त्या ऑफिसचा नियम असा की पूर्ण बजेट ५ कामाच्या दिवसांआधी आलं पाहिजे. लिखाण मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलत बसा, कुणी विचारत नाही. मला पहिल्या वर्षी हे उलटं वाटायचं, मी लिखाण घासत बसायचो आणि बजेट शेवटच्या रात्री. आता आधी बजेट गोठवतो. बजेट लिहिताना कळतं की आपण नक्की काय करणार आहोत, ताईंचा तीन फेजचा मुद्दा हा बजेटमधूनच निघतो ना.

दुसरं, एजन्सीनं मागितलेलं नसताना संस्थेच्या पैशाचं वचन देऊ नका. इथं पण नवीन लोकांना वाटतं आपण जास्त घातलं तर मार्क जास्त. एकदा लिहिलं की त्याचा हिशेब ठेवावा लागतो, पावत्यांसकट. ओव्हरहेडवरून भांडण इथंही रोजचंच, शेती खात्याच्या स्पर्धेतल्या बऱ्याच अनुदानांत तो एकूण रकमेच्या ३० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत आणि विद्यापीठाचा स्वतःचा दर त्याहून मोठा असतो, मग फरक कोण सोसणार यावर डीन लोकांचे ईमेल. अर्थात इथले आकडे तुमच्या फाईलला लावू नका, फक्त क्रम बघा.

बाकी गड्ड्याचे फोटो कुणीतरी टाका रे. आणि भाकरी पॅक करण्याचं खरंच जमलं तर एक पार्सल इकडं पण.

सातरस्ता_चहा (७ जानेवारी, सकाळी १०:३०)

मी एक वाक्य काय लिहिलं, सगळे मलाच धुवायलेत 😅 पण हिशेबनीस साहेब, एक विचारू का. तुम्ही म्हणताव दोन्हीकडं एकदम द्या. आमच्याकडं लेखा विभाग म्हणतो प्राचार्यांची सही आणा मग तपासतो, आणि प्राचार्य म्हणतात लेखा विभागानं तपासल्याशिवाय सही नाही. मग माणूस जुनं पत्र जोडणार नाही तर काय करणार?

हिशेबनीस_२१वर्षं (७ जानेवारी, दुपारी १:००)

हा प्रश्न खरा आहे, आणि यात दोष आमचाच जास्त. टिपणीवर प्राचार्यांकडून फक्त एक शेरा घ्यायचा, "लेखा विभागाने तपासून सादर करावे". ती मंजुरी नसते त्यामुळे ते लगेच लिहितात. तो शेरा असलेला कागद समोर आला की लेखा विभागाला बसून बघावंच लागतं, कारण आता तो प्राचार्यांचा आदेश झाला. आम्ही बजेटवर "तपासले" म्हणून सही केली की फाईल परत वर जाते संमतीपत्राच्या सहीला. दोन फेऱ्या होतात, पण अडकत नाही. संमतीपत्र तुम्ही स्वतः टाईप करून फाईलला लावा, कुणी करून देईल म्हणून वाट बघू नका, आणि एजन्सीनं नमुना दिला असेल तर त्यातला एक शब्द पण बदलू नका.

संशोधन समितीला तीन प्रती द्या, पण प्रेझेंटेशन सही झाल्यावर ठेवा म्हणावं. समितीनं सुचवलेलं लिखाणात घालता येतं, बजेटला हात लावायचा नाही.

ज्वारीवाली_मॅडम (१९ जानेवारी, रात्री १२:१०)

उशिरा लिहितेय, माफ करा. झालं एकदाचं. म्हणजे सबमिट झालं, मंजुरीचं देवाला ठाऊक.

ताईंचं वाचून शनिवारी गेले गावात. लाज वाटली खरंच, कारण तीनपैकी एका गावात कडक भाकरी विकायला करतच नाहीत, मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी लिहून टाकलं होतं. ते गाव काढलं. आता दोन गावं आणि २६ जणी, ९० वरून २६ (हो, ९०च लिहिले होते). एका आजींनी माझी अख्खी वाळवणीची पद्धत एका वाक्यात मोडीत काढली, म्हणाल्या भाकरी पातळ झाली की मोडतीयच बाई, तू पाकीट कशाला बदलतीस, आधी हात बदल. ते मी उद्दिष्टांत घातलं, म्हणजे पहिले चार महिने जाडी आणि चुलीवर कडक करायचा वेळ मोजणार, पॅकिंग नंतर. ड्रायर सिंगल फेजचा छोटा घेतला आणि विजेचं बिल कोण भरणार ते पण लिहिलं. बजेट ९ लाख ४० हजारावरून ६ लाख ८५ हजारावर आलं. प्रशिक्षण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून, सकाळी ७ ते १०. ग्रामसंघाचे दोन्ही ठराव मिळाले, दोन्हींवर मिळून २६ च्या २६ सह्या आणि अंगठे.

कॉलेजात शेरा घ्यायची युक्ती चालली, प्राचार्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. लेखा विभागाला दोन दिवस लागले, त्यांनी प्रवासाचं वाढवायला लावलं, हे मला अपेक्षितच नव्हतं. अध्यक्षांची मान्यता मात्र घरी जाऊन घेतली, गड्ड्याच्या गर्दीत नवी पेठेतून गाडी काढताना जीव गेला. संशोधन समितीचे सर नाराज आहेत, प्रेझेंटेशन बुधवारी. पोर्टलला ५ एमबीच्या वर फाईल जाईना म्हणून ठरावाचे स्कॅन तीनदा लहान केले, शेवटी अंगठे दिसेनासे झाले तेव्हा थांबले आणि दोन वेगळ्या फायली केल्या. काल रात्री पावणेअकराला पावती आली.

गटाची_ताई (१९ जानेवारी, सकाळी ८:२०)

मॅडम बरं वाटलं. हुरडा संपायच्या आत या एकदा, मोकळं, फॉर्म न आणता.

हिशेबनीस_२१वर्षं (१९ जानेवारी, सकाळी ९:४५)

अभिनंदन. पावतीची प्रिंट, संमतीपत्राची प्रत आणि अध्यक्षांचं मान्यतापत्र, तिन्ही आजच मूळ फाईलला लावा, फेब्रुवारीच्या सीडीसीच्या विषयपत्रिकेसाठी तेच लागणार. संमतीपत्रावर जावक क्रमांक टाकला होता ना?

ज्वारीवाली_मॅडम (१९ जानेवारी, सकाळी ९:५१)

...जावक क्रमांक 🙈

हिशेबनीस_२१वर्षं (१९ जानेवारी, सकाळी ९:५३)

आत्ताच आवक-जावकच्या बाईंकडं जा. त्यांना आजचा क्रमांक मागा, मागच्या तारखेचा मागू नका. मग क्रमांक घातलेली प्रत पोर्टलवर बदलता येते का बघा, तारीख उद्याची आहे अजून.